कॅनडाचा चरित्रकोश आणि जेम्स इव्हान्स यांची नोंद

टोरंटो विद्यापीठ आणि लाव्हाल विद्यापीठ मिळून चालवत असलेला ‘डिक्शनरी ऑफ कॅनेडियन बायोग्राफी’ हा चरित्रकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. कोशाची पारख वादग्रस्त माणसाच्या नोंदीवरून करावी, असे माझे मत असल्यामुळे मी जेम्स इव्हान्स (१८०१–१८४६) या वेस्लियन मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनऱ्याची नोंद निवडली.

इंग्लंडमधील हल येथे जन्मलेले इव्हान्स प्रथम कॅनडातील राइस लेक येथे ओजिब्वे या मूलनिवासी समाजातील मुलांना शिकवत होते आणि १८४० मध्ये ते विनिपेग सरोवराच्या उत्तरेकडील नॉर्वे हाउस येथे, क्री या मूलनिवासी लोकांमध्ये गेले. त्यांचे नाव टिकले ते त्यांनी क्री भाषेसाठी घडवलेल्या लिपीमुळे. तिच्यात मोजके नऊ आकार असून प्रत्येक आकार चार दिशांना फिरतो आणि दिशा बदलली की स्वर बदलतो. या रचनेमागे देवनागरीचा आणि लघुलेखनाचा परिचय असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठी वाचक येथे रेंगाळला तर नवल नाही. चहाच्या पेट्यांच्या अस्तराचे शिसे वितळवून त्यांनी छपाईचे खिळे (टाइप) ओतले, काजळी आणि माशाचे तेल यांची शाई केली आणि फरचे गठ्ठे दाबण्याच्या यंत्रावर छपाई केली.

एवढे कर्तृत्व असूनही कोश त्यांची आरती ओवाळत नाही, हे मला विशेष आवडले. रविवारी, म्हणजे ख्रिस्ती विश्रांतीच्या दिवशी, नावा हाकण्यावरून फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीशी झालेला संघर्ष, १८४४ च्या प्रवासात त्यांच्याच बंदुकीची गोळी लागून झालेला दुभाषी थॉमस हॅसल यांचा मृत्यू, घरात राहणाऱ्या मूलनिवासी मुलींसंबंधी १८४६ मध्ये झालेले आरोप, लंडनहून आलेले बोलावणे आणि त्याच वर्षी आलेले मरण, हे सारे संयत शब्दांत येते. कंपनीचे गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन यांच्यासारख्या समकालीनांच्या नोंदीही याच कोशात असल्याने एकच प्रसंग दोन बाजूंनी तपासता येतो. शेवटी दिलेली साधनसूची संशोधकाचा बराच वेळ वाचवते.

मर्यादा मात्र मोठी आहे. कोश इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत आहे, आणि अशा नोंदींचा मुख्य आधार मिशनची पत्रे आणि कंपनीचे दप्तर हाच असतो. ही लिपी मिस्तानास्कोवेव या क्री पुरुषाला आत्मलोकातून मिळाली, असे सांगणारी क्री मौखिक परंपरा समजून घ्यायची असेल, तर क्री अभ्यासकांचे लेखन सोबत वाचावे लागेल.