दांड्याची काळी छत्री, राम आळी, रत्नागिरी : चार तारे

तरणा पाऊस सरता सरता छत्री घेतली, म्हातारा अख्खा तिच्याखाली काढला, आता आसळकाही निम्मा झाला. तेव्हा चार शब्द लिहायला हरकत नाही. (शहरातल्यांसाठी : पुनर्वसू नक्षत्रातला पाऊस तो तरणा, पुष्यातला तो म्हातारा, आश्लेषातला तो आसळका. आमच्याकडे म्हाताराही काही कमी झोडपत नाही.)

याआधी माझ्याकडे पुण्याहून मुलानं पाठवलेली तीन घड्यांची छत्री होती. बटण दाबलं की फटकन उघडायची. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा आला आणि तिचं कमळ झालं. ते कमळ तसंच डोक्यावर धरून मी घरी आलो. ही दारात उभी होती. म्हणाली, "पूजेला फुलं आणलीत वाटतं."

दुसऱ्या दिवशी राम आळीत गेलो. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं भिजायचं. गल्ल्यावर मालक, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. दांड्याची छत्री मागितली तर त्यांनी मला आधी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. गुडघ्यावर नजर जरा जास्त वेळ थांबली.

"काठी म्हणून हवी, की छत्री म्हणून?"

"छत्री म्हणून," मी म्हटलं. थोडं तडकूनच.

"सगळे असंच म्हणतात," म्हणाले, आणि हातातली ठेवून तिच्यापेक्षा बोटभर लांब दुसरी काढली.

४८० सांगितले, ४५० ला दिली. बिल नाही, पिशवी नाही. पण दहा वेळा उघडून मिटून दाखवायला लावतात, आणि आपण चुकीची मिटली की ओरडतात. ८ काड्या, लाकडी मूठ, खाली लोखंडी टोक. घरच्या काट्यावर वजन ७०० ग्रॅम भरलं. माझा उजवा गुडघा दोन वर्षं कुरकुरतोय. डॉक्टर काठी घ्या म्हणतात आणि मी काठी म्हाताऱ्यांनी घ्यावी म्हणतो. छत्रीमुळे आमचं भांडण मिटलं. दसऱ्यानंतर काय टेकणार, असं हिनं विचारलं. ऊन असतं की, म्हटलं.

आता मुद्द्याचं. पाऊस थांबला, दोन्ही हातांत पिशव्या आल्या, की ही छत्री ठेवायची कुठे? उत्तर माझ्या हातानं मला न विचारताच दिलं. मूठ शर्टाच्या कॉलरला मागून अडकवली आणि छत्री पाठीवर सोडली. चार पावलं चाललो आणि दुकानाच्या काचेत अण्णा दिसले.

अण्णा म्हणजे माझे वडील. गोळपच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांची चाल सगळ्या वाडीला ठाऊक होती : छाती पुढे, मान ताठ, हनुवटी किंचित वर. ते पाणंदीत दिसले की आम्ही पोरं गोट्या खिशात घालून पळायचो. मास्तर फार कडक, असं लोक म्हणायचे, आणि मीही पन्नास वर्षं तेच समजत आलो. रागानं माणूस असा ताठ होतो, असं वाटायचं.

तर तसं काही नाही. ७०० ग्रॅम वजन कॉलरला मागे लटकलं की कॉलरची गुंडी गळ्याला काचते. मान खाली घातली तर जास्तच काचते. म्हणून माणूस छाती काढून, हनुवटी उचलून चालतो. दुसरा इलाजच नाही! तो सगळा दरारा छत्रीचा होता. मी राम आळीत भर रस्त्यात एकटाच हसत उभा राहिलो. एका पोरीनं स्कूटी थांबवून विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाहीये का?" काकावरून आजोबा पहिल्यांदाच झालो. राग यायला हवा होता, पण हसू आवरेना.

सूचना : हा प्रयोग टी-शर्टवर करू नये. गळा ताणून पोटापर्यंत येतो. कॉलर हवी, आणि कडक हवी.

दुसरा उपयोग एसटी थांबवण्याचा. अण्णा भाट्याच्या थांब्यावर रस्त्यात दोन पावलं पुढे जायचे आणि मिटलेली छत्री फाटकासारखी आडवी धरायचे. मी तेव्हा बारा वर्षांचा, लाजेनं विजेच्या खांबामागे लपायचो. परवा पावस गावाला जायला निघालो, गाडी भरलेली, थांबेल असं वाटेना. छत्री आडवी केली. थांबली! आत कंडक्टरनं आधार कार्ड न बघताच अर्धं तिकीट काढून दिलं. ६५ नंतर अर्धं असतं हे खरं, पण निदान शंका तरी घ्यायची. पैसे वाचले त्याचा आनंद आणि तोंड बघूनच ओळखलं त्याचा अपमान, दोन्ही गोळपपर्यंत पुरले. पंचाहत्तरीनंतर फुकट आहे. अजून ८ वर्षं काढायची.

तिसरा उपयोग दुकानदार सांगत नाहीत. मूठ वाकडी असल्यामुळे उंच फांदी अलगद खाली ओढता येते. शेजाऱ्यांचं अनंताचं झाड आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, झुकलंय आणि ऐन पावसात बहरतं. पूर्वी अण्णा फुलं काढायचे आणि मी पहारा द्यायचो. कुणी आलं की खोकायचं, असं ठरलेलं होतं. नोकरीत असताना मी हे कधीच केलं नसतं. ३४ वर्षं कोर्टात कारकुनी केली, दुसऱ्याची टाचणीसुद्धा उचलली नाही. आता पहाटे सहाला छत्री घेऊन गडग्याशी उभा असतो. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून पाहिलं.

"भाऊ, फांदी मोडेल हां."

"मोडत नाही, वाकवतोय," मी म्हटलं आणि आणखी दोन काढली. तोंड लपवावं असं मनातही आलं नाही. त्यातलं एक त्यांनाच दिलं. त्या "थँक्यू" म्हणाल्या, त्यांच्याच फुलासाठी.

आता एक तारा का कापला ते. पहिल्या सरीत कापडानं रंग सोडला. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर अजून निळसर डाग आहे आणि त्यावर हिचं रोजचं भाष्य आहे. मुठीचं पॉलिश घामानं तळहाताला लागतं. खाऱ्या हवेत काड्यांचे सांधे महिन्यात तांबरायला लागले. खोबरेलाचा थेंब थेंब सोडला की ठीक राहतात, पण हे दुकानात सांगायला हवं होतं. शिवाय ओली छत्री एसटीत कुठे ठेवायची हा प्रश्न सुटलेला नाही. शेजारच्याच्या चपलेत पाणी जातं. अण्णा अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे. मीही तेच करतो.

नाव घालायचं असेल तर मालक पांढऱ्या रंगानं कापडावर आतून लिहून देतात. त्याचे २० रुपये वेगळे. मी माझं नाव सांगितलं, त्यांनी वडिलांचं विचारलं, आणि चष्मा कपाळावर ढकलून "मास्तरांचा का तू?" म्हणाले. एकदम अरे-तुरे. नाव मात्र पूर्ण घातलं, वडिलांच्या नावासकट. पैसे वीसच घेतले.

दुकान दुपारी १ ते ४ बंद. छत्रीच्या टोकानं शटर ठोठावू नये. मी ठोठावलं होतं. आतून जे ऐकू आलं ते इथे लिहिता येत नाही.