बडोदा ते लंडन: ऑनलाइन अंतरमापक कितपत कामाचे?

दोन विमानतळांची नावं टाका, अंतर आणि वेळ मिळवा, अशी ही मोफत सेवा. हरणी विमानतळ ते हीथ्रो टाकलं की सुमारे ६,९७० किमी येतं. अंतर बरोबर आहे, पण ते पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वात जवळचं अंतर. वेळेवर मात्र विसंबू नका.

पडद्यावरची ती वाकडी रेष नीट बघा. ती पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि पुढे युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश २०२२पासून बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. म्हणजे विमान वळसा घेणारच. शिवाय पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, त्यामुळे जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गणित मात्र दोन्हीकडे एकच वेग धरतं, म्हणून उत्तरही एकच.

मुख्य उणीव वेगळीच. बडोद्याहून लंडनला थेट विमान नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही! मुंबईमार्गे जायचं तर मुंबईपर्यंत साधारण सव्वा तास, मग निदान चार तास हाताशी ठेवा, कारण टर्मिनल बदलावं लागू शकतं. पुढे दहा तासांच्या आसपास. आई-बाबा एकटे निघणार असतील तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनी बघते.

घड्याळातला फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तारीख टाकायची सोय नसेल तर तो स्वतः तपासा.

अंतरासाठी ५ पैकी ५, वेळेसाठी २.