मार्गम पार्क: एमिली टॉल्बटचं वेल्स बघायचं तर

दक्षिण वेल्समधून जाणाऱ्या एम४ महामार्गाच्या ३८ नंबर जंक्शनवरून बाहेर पडलं की मार्गम लगेच येतं. प्रवेश मोफत, पैसे फक्त पार्किंगचे. ऑरेंजरी आधी बघा: १८व्या शतकातली, जवळजवळ १०० मीटर लांब, उंच खिडक्यांची सलग रांग, हिवाळ्यात संत्र्याची झाडं आत ठेवायला बांधलेली. अप्रतिम! इथल्या जमीनदार टॉल्बट घराण्याचा वरचा वाडा १९७७ च्या आगीत आतून जळाला, त्यामुळे मूळ सजलेली दालनं मिळणार नाहीत.

बरेच जण इथूनच परततात, ती चूक. १८९० मध्ये ही इस्टेट टॉल्बट घराण्यातल्या एमिलीकडे वारशाने आली. भाऊ थिओडोर १८७६ मध्येच गेला होता. त्याच्या स्मरणार्थ तिने स्वखर्चाने उभारलेलं सेंट थिओडोर चर्च पोर्ट टॉल्बट गावात आहे. त्यासाठी वेगळा तास ठेवाच.