ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा की फोनवरचं ॲप पुरेल?

भाचीचा प्रश्न साधा होता: आलेख फोनवर फुकट काढता येतात, मग वेगळा कॅल्क्युलेटर कशाला?

खर्चात ॲपच जिंकतं. डेसमॉस, जिओजेब्रा विद्यार्थ्यांना मोफत आहेत. पण एकदा घेतलेला कॅल्क्युलेटर शाळेपासून पदवीपर्यंत चालतो. टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर २००४ साली आला आणि आजही वापरात आहे. एवढ्या काळात फोन किती बदलतात!

शिकण्याच्या बाबतीत मात्र निकाल सरळ नाही. ॲपमध्ये एक्सचा घन वजा क गुणिले एक्स लिहा आणि क चा स्लायडर तीनवरून शून्याकडे सरकवा. आलेखाची दोन वळणं जवळ येत येत विरून जातात. हे पाहिलं की सूत्र वेगळं पाठ करावं लागत नाही. उलट कॅल्क्युलेटरवर एक्सचा वर्ग अधिक वीस टाकला, की पडदा कोराच राहतो, कारण नेहमीची खिडकी, म्हणजे पडद्यावर दिसणारा आलेखाचा भाग, उणे दहा ते दहा एवढीच असते. आलेख कुठे असेल याचा विचार स्वतःच करावा लागतो. मला ही अडचण मोलाची वाटते.

आणि परीक्षा! फोन बहुतेक ठिकाणी बाहेरच ठेवावा लागतो. शिवाय अभ्यासात मध्येच संदेश येतात, ते वेगळंच.

परीक्षेत ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालत असेल, किंवा पुढे अभियांत्रिकी, संख्याशास्त्र घ्यायचं असेल, तर तो घ्याच, जुना मिळाला तरी चालेल. नियमांत बसत नसेल, तर साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि घरी ॲप पुरे.