माझेच पाटे मलाच विकले, 93,200 रुपयांना

चेक वटल्याशिवाय द्राक्षाचा व्यापारी माझ्या बागेतून एक क्रेट हलवू शकत नाही. माल भरून नेला आणि फोन बंद केला, असले प्रकार दिंडोरीकडे इतके झालेत की आमची पोरंसुद्धा शहाणी झालीत. आणि याच शहाण्या माणसाने जुलै 2025 मध्ये नाशिकच्या एका गॅरेजवाल्याला 53,200 रुपये रोख मोजून दिले, बिल न घेता, वर त्याचा चहा पिऊन आला. हे लिहायला इतके दिवस लागले कारण लाज वाटत होती. आता नुसता राग उरलाय.

गाडी थार, 2017 ची सीआरडीई. ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. 2020 नंतरच्या थारला चारही चाकांना कॉइल आहे, तिचं गणित वेगळं. माझे मागचे पाटे बसले होते. खताच्या गोण्या, औषधाचे ड्रम, वर्षानुवर्षं ओढलेत तिने. पावसाळ्यात मळ्याच्या रस्त्याला काळी माती, चाकोरीत गाडीचं पोट घासायचं. हौस नव्हती असंही म्हणत नाही. वैतरणेच्या बाजूला आम्ही चार गाड्या घेऊन चिखलात जातो, त्यात माझीच बुटकी दिसायची. म्हणून दोन इंच लिफ्ट करायची ठरवली.

गॅरेजवाला आमच्याच एका मित्राच्या ओळखीचा. माणूस गोड. 'भाऊ, लोक नुसते शॅकल, म्हणजे पाटा लटकवायच्या पट्ट्या, लांब करून लिफ्ट म्हणून विकतात, मी असली कामं करत नाही' हे त्यानेच मला सांगितलं! भामटा दुसऱ्या भामट्यापासून सावध करतो तेव्हा आपण किती निर्धास्त होतो बघा. सेटमध्ये काय काय ते त्याने कागदावर लिहून दिलं: मागचे नवीन पाटे दोन्ही बाजूंचे, पुढचे नवीन टॉर्शन बार दोन, शॉकअप चार, लांब यू-बोल्ट, बुश. सगळं एका नावाजलेल्या ऑस्ट्रेलियन कंपनीचं. किंमत 86,000, बसवायचे 7,500 वेगळे. पक्कं बिल हवं तर वर 28 टक्के, म्हणजे 24,080 रुपये. तेव्हा जीएसटी 28 होता, सप्टेंबरमध्ये 18 झाला. मी म्हटलं राहू द्या बिल. 40,000 आगाऊ यूपीआयने दिले, तेही त्याच्या भाच्याच्या खात्यावर, कारण 'माझ्या खात्याचा लिमिटचा प्रॉब्लेम आहे'. तुम्ही हसताय ना? मीही दुसऱ्याला हसलो असतो.

सकाळी दहाला गाडी लावली. टेबलावर खोके मांडलेले, कंपनीचं नाव ठळक. त्यातला एक शॉकअप काढून त्याने माझ्या हातात दिला. पाट्यांवर ताडपत्री होती. मी उभा राहिलो तर म्हणाला, 'तुम्ही समोर असलात की पोरं बावरतात, जरा मिसळ खाऊन या.' गेलो. मिसळीचे 120 रुपये मी हिशेबात धरलेले नाहीत.

चार वाजता परत आलो तेव्हा गाडी रॅम्पवर होती. मी खाली गेलो, मोबाइलची बॅटरी लावली आणि वर पाहिलं. ती दोन मिनिटं मला अजून रात्री आठवतात. टॉर्शन बारवर वाळलेला चिखल होता, थरावर थर. बोटाने टोकरला तर ढलपी निघून तळहातावर पडली, आमच्याच मळ्यातली काळी माती. मी विचारलंसुद्धा, 'नवीन बारवर चिखल कसा हो?' पोरगा म्हणाला, 'चाचणीला फिरवून आणली ना भाऊ.' अरे, जुलैतल्या चाचणीचा चिखल ओला असतो! वाळून कडक झालेला थर बसायला उन्हाळा जावा लागतो. शेतकऱ्याला हे कळू नये? मागे गेलो तर पाटे काळेकुळकुळीत, रंगाचा वास नाकात जात होता, अंगठा लावला तर अंगठा काळा. कारखान्यातून आलेल्या पाट्याचा रंग ओला कसा राहील? हे मनात आलं, ओठांपर्यंतही आलं. तेवढ्यात मालक येऊन 'प्रोग्रेसिव्ह रेट' का काहीतरी समजावू लागला आणि मी मान डोलवली. समजत नाही हे कबूल करायला जीभ रेटली नाही.

पैसे देताना त्याने शेवटचा फासा टाकला. 'जुना माल तुम्ही कुठे नेता? भंगारात लावून 1,500 कमी करतो.' मी खूश! म्हणजे 86,000 अधिक 7,500, वजा 1,500, वर अलाइनमेंटचे 1,200. 93,200. माझे पाटे माझ्याच गाडीला होते, माझे बार माझ्याच गाडीला होते, आणि ते भंगारात घेतल्याबद्दल त्याने मला 1,500 रुपये सूट दिली.

एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: जुना माल स्वतःच्या डिकीत टाकून घरी आणा. भंगारात दोनशे रुपये येवोत, पण आणा. मी एवढं म्हटलं असतं तर त्याच्याकडे द्यायला काही नव्हतंच.

उघडकीला आलं तेविसाव्या दिवशी. गाडी पुढे दगडासारखी आपटत होती, आणि मी सगळ्यांना 'नवीन आहे, सेट होईल' सांगत होतो. मागची डावी बाजू खाली वाटली म्हणून टेप लावला. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं असतं, जमिनीपासून नाही, कारण टायरची हवा फसवते. बसवली त्या दिवशीच्या मापापेक्षा सव्वा इंच कमी. पाथर्डी फाट्याकडचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी खाली सरकून बघितलं आणि झोपूनच विचारलं, 'किती घेतले?' आकडा सांगितल्यावर काही बोलले नाहीत, नुसता टॉर्च बारच्या मागच्या टोकाला धरला. बोल्टचे आटे तेवढे चकाकत होते. बाकी सगळं 2017 चं.

बारचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं. पाच मिनिटांचं काम, फुकटात होतं. पण बारची ताकद तेवढीच राहते, चाकाला खाली जायला जागा उरत नाही म्हणून आपटते, आणि सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, तिरका चालतो. माझ्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटून ग्रीस आत रिमवर उडालं होतं. मागे जुन्याच पाट्यांना कमान मारून, एक जादा पाटा घुसवून काळा रंग फासलेला. बसलेल्या पाट्याला थंडच ठोकून कमान दिली की वजन पडल्यावर तो परत बसतो, हे ट्रकवाल्यांना विचारा. शॉकअप मात्र नवीन होते, लोकल, मिस्त्रींच्या हिशेबाने 1,800 चा एक. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि नळीवरचा नंबर जुळतो का ते बघा. माझ्या नळीवर नंबरच नव्हता.

फोन केला तर म्हणाला, 'तुम्ही ओव्हरलोड केली असणार.' दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा भाच्याने उचलला आणि मामा गावी गेलेत म्हणाला.

आता साहेबांकडे वळू. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. तिकडे सांगितलं, गॅरेज शहरात आहे, तिकडे जा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 हेच सांगतं, मी ते छापून नेलं होतं. हवालदारांनी कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, 'माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला. कोर्टात जा.' न्याय संहितेचं 318, फसवणुकीचं, माझं पाठ झालंय. चौथ्या फेरीत अधिकारी भेटले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'गाडीची उंची वाढवायला परवानगी घेतली होती का?'

मी गप्प. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल, कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही म्हणून. हे मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक असतं, तरी रस्त्यावर लिफ्ट केलेल्या गाड्या मोजून बघा. 'मग आधी तुमच्यावरच कारवाई करू का?' असं हसत म्हणाले. म्हणजे ज्याने लिफ्ट विकली तो व्यापारी, ज्याने घेतली तो गुन्हेगार, आणि खरं तर लिफ्ट झालेलीच नाही, तिन्ही एकाच वेळी! मी म्हणालो, साहेब, गाडी खाली बसलीये, तुम्ही टेप लावा, मूळ मापाला आलीये. ते पुन्हा हसले. सहा फेऱ्या झाल्या, दर फेरीला गावाहून येऊन-जाऊन डिझेल, आणि हातात काय, तर अर्जाच्या झेरॉक्सवर 'आवक' असा शिक्का. शिक्का घ्याच, तो नसेल तर तुम्ही गेलाच नव्हतात असं धरतात.

ग्राहक आयोगात आता तक्रार टाकलीये. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवली होती. पण पुरावा काय? भाच्याच्या खात्यावर 40,000. उरलेले 53,200 मी दिले याला साक्षीदार मी आणि तो. त्याने लिहून दिलेला तो सेटचा कागद तेवढा माझ्याकडे आहे, त्यावर ना सही, ना दुकानाचं नाव. चोवीस हजार वाचवायला गेलो होतो मी. बिल नाही तर गिऱ्हाईकही नाही, असं वकिलांनी तोंडावर सांगितलं.

आबांना आकडा अजून 35,000 च सांगितलाय. तेवढ्यावरही ते म्हणाले, 'दोन इंच वर जायला?'

मिस्त्रींनी बूट, एक सीव्ही जॉइंट आणि नवीन पाटे मिळून 31,400 घेतले, पक्क्या बिलावर. आधी त्यांनी विचारलं की गाडीत कायम किती वजन असतं. त्या गोड माणसाने हे एकदाही विचारलं नव्हतं. पाटा वजन बघून घेतात, इंच बघून नाही. आणि लिफ्टने मागच्या एक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, वर येत नाही, तो फक्त मोठ्या टायरने येतो. म्हणजे चाकोरीत घासणारं पोट उचललं असतं, गोळा घासतच राहिला असता. हेही त्यांनीच सांगितलं, फुकट.

परवा मित्राने त्या गॅरेजवाल्याचं स्टेटस दाखवलं. माझी थार, ताजी धुतलेली, खाली लिहिलंय 'दोन इंच लिफ्ट, समाधानी ग्राहक'. शेजारी मी उभा आहे, अंगठा वर करून. नीट पाहिलं तर तो अंगठा काळा दिसतो.