साडेतीनशेचा वजनकाटा आणि आज्जीची ६३ नाणी

काटा घेऊन दोन महिने झाले म्हणून आत्ता लिहितोय, डबा उघडायच्या आधीच पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही. २०० ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, कंपासपेटीएवढा डिजिटल काटा. कंपनीचं नाव विचारू नका, सगळे एकाच साच्यातले असतात, वरचा स्टिकर तेवढा बदलतो.

घ्यायचं कारण म्हणजे आमची आज्जी. ती गेली आणि तिच्या ट्रंकेत खाली चादरीच्या तुकड्यात बांधलेली ६३ नाणी निघाली. बाबा, काका आणि आत्या असे तीन वाटे करायचे होते, बाबा म्हणले आधी किंमत तर काढून आण. म्हणून इथं सोलापुरात मधल्या मारुतीकडं एका दुकानात गेल्तो, नाव लिहीत नाही. त्यांनी सगळी नाणी एकदम पारड्यात ओतली आणि "जुन्या नाण्यात अर्धीच चांदी असते ओ" म्हणून सरसकट अर्ध्याचा हिशोब सांगितला. वर त्यातली पाच बाजूला काढून म्हणाले ही झिजलीत, ह्यांचं अजून कमी. मी घरी विचारून सांगतो म्हणून गाठोडं उचललं आणि बाहेर पडलो, आणि त्याच रात्री काटा मागवला.

आता काट्याबद्दल. सोबत सेल येतात पण कॅलिब्रेशनचं १०० ग्रॅमचं वजन येत नाही, आणि त्याशिवाय काटा खरा की खोटा कसं कळणार? त्यावर जुगाड आहे. २०११ पासून जी ₹ चिन्हाची पिवळी पाच रुपयाची नाणी आली ती बरोबर ६ ग्रॅमची असतात (२०१९ नंतरची घेऊ नका, ती जड आहेत). त्यातली कमी वापरलेली दहा नाणी गोळा केली, काट्यावर ठेवली, ५९.९७ आलं. साडेतीनशेत अजून काय पाहिजे.

पण पंखा! सोलापूरचा मे महिना, दुपारी ४२-४३ आणि पंखा चालू असला की काट्यावर काहीच नसताना आकडा ०.०३, ०.०७, परत ०.०० असा नाचतो. पंखा बंद केला की घामाचा थेंब नाण्यावर. शेवटी पहाटे पाचला उठून फरशीवर बसून मोजली, पलंगावर ठेवून काही उपयोग नाही, गादी हलते. आणि सगळ्यात वैताग म्हणजे साठ सेकंद हात लावला नाही की काटा आपोआप बंद, तुम्ही वहीत लिहीपर्यंत हा झोपलेला.

मोजताना मजा मात्र लई आली. इंग्रजांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना तोळा तो हाच (आता सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, ती गंमत वेगळीच). राणी छाप, एडवर्ड, पाचवा जॉर्ज मिळून ३१ निघाले, बहुतेक ११.५ ते ११.६५ मध्ये, हाताळून थोडे झिजलेले. ह्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे न झिजलेल्या रुपयात १०.६९ ग्रॅम. अर्धी कुठली? एक ११.९४ भरलं तेव्हा मी खूष, मग उलटं करून बघितलं तर वर कडी काढल्याची खूण, कधीतरी माळेत ओवलेलं असणार आणि कडी जोडायला लावलेला डाग (सोल्डर) अजून चिकटलेला. वजन जास्त आलं तरी हुरळून जाऊ नका.

आणि इथंच काट्याची हद्द संपते. १९४० ते ४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी खरंच निम्मीच आहे, पण वजन तेच ११.६६! १९४७ चा वाघाचा रुपया तर चक्क निकेलचा, चांदी शून्य, आणि वजन परत ११.६६. काट्याला तिन्ही सारखेच. निकेलचे दोन होते ते फ्रीजवरच्या चुंबकाला चटकन चिकटले. निम्म्यावाले १२ ओळखायला साल बघा, नाहीतर कड बघा, कडेच्या खाचांच्या मधोमध एक बारीक चर गोल फिरलेली असते, आधीच्या रुपयांना ती नसते.

आता ती "झिजलेली" पाच. काट्यावर ११.१५, ११.१२, ११.१६ अशी आली. पण कडा अजून टोकदार, अक्षरं ठळक, आणि मधोमध चारमिनार. ही झिजलेली नव्हतीच, निजामाचा रुपया मुळातच ११.१८ ग्रॅमचा! चारमिनारच्या कमानीत उर्दू 'ऐन' अक्षर आहे, ते शेवटच्या निजामाच्या, उस्मान अलीच्या नावाचं. आज्जीचं माहेर नळदुर्ग, तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि सासर सोलापूर इंग्रजांकडं. लहानपणी ती म्हणायची "सहा कलदारला सात हाली", आम्हाला वाटायचं म्हातारीचं कायतरी गाणं आहे. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया आणि हाली म्हणजे हा निजामाचा. हालीत चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. त्याला सातनी गुणा आणि १०.६९ ला सहानी गुणा, दोन्ही चौसष्टच्या आसपास. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं.

उरलेल्या १३ मध्ये दोन पूजेची लक्ष्मी छाप आणि बाकी अधेल्या, पावल्या, चवल्या (आठ, चार आणि दोन आण्यांची नाणी). चवली दीड ग्रॅमच्या आत असते, तिथं ०.१ दाखवणारा किचनचा काटा कामाचा नाही.

दुसऱ्या दुकानात वही घेऊन गेलो, तिथं मशीनवर तीन नाणी तपासून दिली, ९१ च्या पुढं, ५० आणि ८१ च्या घरात. त्यांच्या मोठ्या काट्यात आणि माझ्यात ०.०२ चा फरक. मालक वही बघून हसले, म्हणाले चिंच-रांगोळीनं घासू नका, घासलेलं नाणं संग्राहक घेत नाही. काकूंनी दोन आधीच घासली होती, मी गप्प बसलो.

मेव्हण्यानं यूट्यूब बघून एकेका नाण्याला लाख मिळतात म्हणून घर डोक्यावर घेतलं. असल्या ऑफर दाखवून लोक आधी कमिशन उकळतात, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ लाच सावध केलंय. १८६२ चं नाणं दिसलं की लगेच दुर्मिळ समजू नका, ते साल पुढं बरीच वर्षं तसंच छापत होते. न्यू जर्सीच्या चुलतभावाला राणीचा रुपया पाहिजे होता, पण १०० वर्षांवरचं नाणं असं बॅगेत टाकून बाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. त्याच्यासाठी १९४४ चं एक ठेवलंय.

निम्म्यावाली बाकीची विकली, पैसे तिघांत वाटले. हाली पाचही आत्यानं मागून घेतली, त्याबदल्यात राणीछापातलं काही नको म्हणाली.

तर चार स्टार. एक त्या साठ सेकंदांसाठी कापलाय. काटा सध्या आत्याकडंच आहे, तिला ठुशी मोजायची आहे म्हणे, दोन आठवडे झाले परत आला नाही.