प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह: मुळांपासून शिकावा की वाक्यांतून?

केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीची एसएससीची सीजीएल असो की परदेशी शिक्षणासाठीची जीआरई, तयारीला बसणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: शब्द वाढवायचे कसे? लॅटिन-ग्रीक मुळं पाठ करून, की वाचत वाचत? मी दोन्ही वाटांनी गेलो आहे आणि मुलांनाही दोन्ही वाटांनी नेलं आहे. कुठली धरायची, हे परीक्षा कोणती आणि हाताशी वेळ किती यावर ठरतं.

मुळांचा मोठा फायदा म्हणजे वेग. लॅटिनमध्ये ‘स्पेक्ट’ पाहण्याशी जोडलेलं आहे. एवढं कळलं की रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणं आणि सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूबाजूंनी पाहून पाऊल टाकणारा, सावध माणूस, हे सहज उलगडतं. मराठी मुलांना तर ही रीत मुळीच परकी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार हे सगळे एकाच ‘हृ’ धातूचे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यात लॅटिनची बरीच मुळं संस्कृतची भावंडं आहेत: डेंट आणि दंत, नोव्ह आणि नव, मॉर्ट आणि मृत, पेड आणि पद. भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा असं मांडलं, ते अशाच साम्यांवरून. हे नातं एकदा दिसलं की मॉर्टल किंवा नोव्हेल्टी घोकावं लागत नाही.

मुळं दगा कुठे देतात, हेही आपल्याकडच्या व्याकरणाने केव्हाच सांगून ठेवलंय: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने भलतीकडे नेतो. धातू एकच, पण आहाराने माणूस जगतो आणि संहाराने मरतो! इंग्रजीतला ‘इन’ बहुतेकदा नकार दाखवतो, पण टँकरवर लिहिलेलं इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. तिथे मुळावरून अंदाज बांधणं जिवावर बेतेल.

अशा वेळी वाक्यच मदतीला येतं. सँक्शन हा शब्द घ्या. ‘लोन सँक्शन झालं’ हे घरोघरी ऐकू येतं, म्हणजे मंजुरी. बातमीत मात्र एखाद्या देशावर सँक्शन्स लादल्या जातात, म्हणजे निर्बंध. मूळ शोधलं तर ‘पवित्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापाशी पोचतो आणि तिथून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. ठरवतो तो शेजारचा शब्द: लोन की इम्पोज (लादणे).

शब्दाचा रंगही वाक्यातच कळतो. माझ्या एका विद्यार्थिनीने निरोप समारंभाच्या भाषणात आवडत्या सरांसाठी ‘नोटोरियस’ लिहिलं होतं. मूळ तिने बरोबर पकडलं होतं, ‘सर्वांना ठाऊक असलेला’. पण हा शब्द कुप्रसिद्धांसाठी वापरतात, हे तो चार बातम्यांत भेटल्याशिवाय समजत नाही.

वाचनाची अडचण वेळेची आहे आणि पातळीची. शब्दसंग्रहावरचं संशोधन सांगतं की मजकूर बिनमदतीचा नीट कळायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे 300 शब्दांच्या पानात साधारण सहाच अनोळखी. ज्या अग्रलेखात 30 शब्द अडतात, तो आज बाजूला ठेवा. त्याहून सोपं वाचा.

आता निवड. सीजीएलमध्ये समानार्थी, विरुद्धार्थी आणि वन वर्ड सब्स्टिट्यूशन (शब्दसमूहासाठी एक शब्द) विचारतात. रेजिसाइड (राजहत्या), फ्रॅट्रिसाइड (भावाची हत्या), मिसोजिनिस्ट (स्त्रीद्वेष्टा) असे शब्द मुळांवरून थेट सुटतात. तीन महिनेच असतील तर पहिला महिना मुळांना द्या, साठ-सत्तर पुरतात. जीआरईचं तसं नाही. 2011 च्या ऑगस्टपासून त्यातले सुटे विरुद्धार्थी आणि अ‍ॅनालॉजी (शब्दजोड्यांतलं नातं ओळखणं) गेले; आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते. तिथे दोन तृतीयांश वेळ वाचनालाच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दोन्हींसाठी वही मात्र एकच ठेवा. पानाच्या डोक्यावर मूळ, खाली शब्द आणि तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, आपल्या हाताने उतरवलेलं. शब्दाच्या आधीचा आणि नंतरचा शब्द अधोरेखित करा. त्या मुलीच्या वहीत नोटोरियसखाली आज ‘नोटोरियस क्रिमिनल’ असलेलं वाक्य आहे आणि क्रिमिनलखाली दोन रेघा.